गाण्याच्या माथ्यावरची ओळ

शहाद्याच्या आमच्या घरी एक जुनी वही आहे. जाड पुठ्ठ्याची, दोऱ्याने शिवलेली, कडा उंदरांनी कुरतडलेली. ही माझ्या आजीची वही. आजोबा शाळामास्तर होते. गोदाकाठचे आपले गाव सोडून (जिल्हा तेव्हाचा अहमदनगर, आताचा अहिल्यानगर) नोकरीच्या निमित्ताने ते तापीकाठी आले, आणि आजीच्या ट्रंकेतून ही वहीही आली. तिच्या एका बाजूने रॉकेल, ज्वारी, तुरीची डाळ, पोरांच्या पाट्या असा घरखर्च टिपलेला आहे. वही उलटी करून दुसऱ्या बाजूने उघडली की गाणी लागतात. भक्तिगीते, नाताळची गीते, लग्नातली गाणी, दोन-चार अभंग. अक्षर वळणदार नाही, पण स्पष्ट आहे.

प्रत्येक गाण्याच्या माथ्यावर एक लहानशी ओळ आहे : ‘चाल’, आणि त्यापुढे दोन-तीन शब्द. कोठे ‘दिंडी’, कोठे ‘साकी’, कोठे एखाद्या नाटकातल्या पदाची सुरुवात, तर कोठे चक्क एका लावणीची. समासात आणखी बारीक टिपणे आहेत. ‘नाताळ, मध्यरात्रीची मिस्सा.’ ‘फादरांनी शिकवले.’ ‘७२ चा दुष्काळ, पावसासाठी प्रार्थना.’ आणि एका गीताजवळ फक्त तीन शब्द : ‘धाकटीच्या मातीला म्हटले.’

आमचे बाबा सर्वांत धाकटे, असेच आम्ही आजवर समजत आलो होतो. ही धाकटी कोण? थोरल्या आत्याबाईंना विचारले. त्या बराच वेळ गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, “होती एक. तुझ्या बाबांच्या पाठची. सव्वा महिन्याची होऊन गेली. आईने पुन्हा कधी नाव काढले नाही.” आमच्या घराण्यात जन्मलेल्या आणि देवाघरी गेलेल्या या लेकराची नोंद आमच्यापैकी कोणाच्या मुखी नव्हती. ती त्या गाण्याच्या कागदावर होती. त्या गीताच्या माथ्यावरची चालीची ओळ पाण्याच्या डागाने पुसली आहे. त्यातला एकच शब्द वाचता येतो : ‘पाळणा’. आईने आपल्या तान्ह्या मुलीला मूठमाती देताना प्रार्थनेचे शब्द पाळण्याच्या चालीवर म्हटले होते.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट पटली आहे. गाण्याचा कागद, मग तो छापील असो वा हाताने लिहिलेला, हा इतिहासाचा साक्षीदार असतो. राजेराजवाड्यांचा इतिहास ताम्रपटांत आणि दफ्तरांत सापडतो. चुलीजवळ बसणाऱ्या, पाळणा हलवणाऱ्या, मातीला जाणाऱ्या माणसांचा इतिहास मात्र अनेकदा अशा कागदांतच उरतो. तो वाचायचा कसा आणि जपायचा कसा, याचाच विचार या लेखात करावयाचा आहे.

‘चाल’ या शब्दाचे मोल

आपल्याकडे गाणे कानाने शिकण्याची परंपरा. गुरूने म्हणावे, शिष्याने उचलावे. आईने म्हणावे, लेकीने उचलावे. त्यामुळे स्वर लिहून ठेवण्याची गरज फारशी भासली नाही. छापखाने आले, गीतांची पुस्तके निघू लागली, तेव्हा प्रश्न उभा राहिला : शब्द छापता येतात, पण सूर कसा छापावा? त्यावर मराठी माणसाने सोपा तोडगा काढला. वाचकाला आधीच ठाऊक असलेल्या गाण्याचे नाव माथ्यावर द्यावे, म्हणजे काम भागले.

३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘संगीत शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला. या नाटकात सुमारे दोनशे पदे आहेत. साकी, दिंडी, कामदा, अंजनीगीत अशा कीर्तनातल्या रचना, लावणीच्या चाली, कानडी मुलखातून आलेल्या चाली, हे सारे त्यात एकत्र नांदते. संगीत नाटकांची पुस्तके आणि पद्यावली छापल्या जाऊ लागल्या, त्यांतही पदापदावर चालीची ओळ असे. आज ती ओळ आपण डोळ्यांनी ओलांडून पुढे जातो. परंतु इतिहासाच्या अभ्यासकाला तीच ओळ मोलाची वाटावी. एखाद्या चालीचे नुसते नाव दिल्याने वाचक गाऊ शकत असे, याचा अर्थ ती चाल त्या काळी घरोघरी ठाऊक होती. कीर्तनाच्या फडात कोणते सूर होते, तमाशाच्या बारीतून कोणते घरापर्यंत आले, शेजारच्या प्रांतातून काय आले, हे सारे त्या एका ओळीत नोंदले गेले आहे.

आपल्या ख्रिस्ती गीतांनीही तीच वाट धरली. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) हे प्रॉटेस्टंट पंथाचे. पण त्यांची गीते आज पंथांच्या सीमा ओलांडून गायिली जातात. परदेशी चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांनी मराठी माणसाचे मन भरत नाही, हे त्यांनी ओळखले. म्हणून त्यांनी अभंग, ओवी, भजन आणि कीर्तन यांचा आश्रय घेतला. वारकऱ्याच्या मुखातला छंद ख्रिस्तभक्ताच्या मुखी आला. मराठी ख्रिस्ती समाज आपल्या मातीशी कसा जोडलेला राहिला, याचा पुरावा कोणी मागितला तर मी लांब व्याख्यान देणार नाही. जुन्या गीतसंग्रहातल्या चालींच्या ओळी तेवढ्या दाखवीन.

सूर प्रत्यक्ष लिहून ठेवण्याचे मोठे प्रयत्न महाराष्ट्रात त्यानंतर झाले, आणि त्यांत दोन नावे अग्रभागी आहेत. पंडित विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) हे व्यवसायाने वकील. त्यांनी देशभर हिंडून, उस्तादांची मनधरणी करून बंदिशी मिळविल्या आणि ‘क्रमिक पुस्तक मालिके’च्या सहा भागांत अठराशेच्या आसपास रचना स्वरलिपीसह मराठीत छापल्या. दुसरे पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१). कुरुंदवाडच्या या कीर्तनकाराच्या मुलाची दृष्टी लहानपणी फटाक्याच्या अपघाताने अधू झाली. त्याच मुलाने पुढे ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय स्थापिले, आपली स्वतंत्र स्वरलिपी सिद्ध केली आणि विद्यार्थ्यांसाठी संगीताची क्रमिक पुस्तके छापून काढली. ज्याला वाचणे अवघड, त्यानेच इतरांना सूर वाचावयास शिकविले.

परंतु या दोघांचे लक्ष मुख्यतः रागसंगीतावर होते. जात्यावरची ओवी, पाळणा, हळदीची गाणी यांना स्वरलिपी कोण देणार? ती जशी होती तशीच बायकांच्या कंठात राहिली.

अमेरिकेने जपलेले कागद

याच काळात सातासमुद्रापलीकडे काय चालले होते, ते पाहण्याजोगे आहे. एकोणिसाव्या शतकातील अमेरिकेत गाणे घरी यायचे ते कागदावर. चार-सहा पानांचे छापील नोटेशन, वर चित्रमय मुखपृष्ठ, आत शब्द आणि पियानोचे स्वर. बैठकीच्या खोलीत पियानो किंवा लहान ऑर्गन असणे हे सुखवस्तू घराचे लक्षण मानले जाई. एकट्या १९०९ साली त्या देशात साडेतीन लाखांहून अधिक पियानो तयार झाले. संध्याकाळी घरची मुलगी वाजवायला बसे आणि सारे कुटुंब भोवती उभे राहून गाई. ग्रामोफोन आणि रेडिओ घरोघर पोहोचेपर्यंत गाणे ‘विकत घेणे’ म्हणजे कागद विकत घेणे होते. चार्ल्स हॅरिस यांच्या ‘आफ्टर द बॉल’ या १८९२ च्या गाण्याच्या लक्षावधी प्रती खपल्या. न्यूयॉर्कच्या अठ्ठाविसाव्या रस्त्यावर तर अशा प्रकाशकांची एक वस्तीच झाली. तिला ‘टिन पॅन ॲली’ म्हणत.

या कागदांत त्या देशाचे सारे दैनंदिन जीवन उमटले आहे. सायकल आली, तिच्यावर गाणे निघाले. टेलिफोन आला, त्याच्यावर निघाले. मोटार आली, तिच्यावरही निघाले. १८६१ ते १८६५ या यादवी युद्धाच्या काळात रणात पडलेल्या तरुणाची जेवणाच्या मेजापाशी रिकामी राहिलेली खुर्ची हा एका गाण्याचा विषय झाला, आणि घरोघरच्या आयांनी ते गाणे आपले मानले. १९१५ साली, ‘आपला मुलगा आपण शिपाई होण्यासाठी वाढविला नाही’ असे सांगणारे आईचे गाणे त्या देशात गाजत होते. दोनच वर्षांनी, १९१७ साली, अमेरिका महायुद्धात उतरली आणि सैनिकांना समुद्रापार धाडणारे जॉर्ज कोहन यांचे ‘ओव्हर देअर’ सर्वांच्या तोंडी झाले. एका राष्ट्राचे मन दोन वर्षांत कसे पालटले, हे या दोन कागदांवरून कळते.

आरसा चेहऱ्यावरचे व्रणही दाखवितो. गुलामगिरीतून सुटलेल्या कृष्णवर्णीयांची हिडीस टिंगल करणारी गाणी आणि विद्रूप चित्रांची मुखपृष्ठे त्या काळी उघडपणे खपत होती. ती आज पाहताना लाज वाटते. तरीही तेथील ग्रंथालयांनी ती फाडून टाकली नाहीत. अन्याय किती सहज, किती हसतखेळत चालत होता, हे पुढच्या पिढीला कळावे यासाठी ती जपणेही आवश्यक होते.

बाल्टिमोर शहरातील लेस्टर लेव्ही नावाच्या गृहस्थांनी आयुष्यभर असे कागद गोळा केले. १९७६ पासून त्यांचा संग्रह जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या स्वाधीन आहे. त्यात एकोणतीस हजारांहून अधिक गाणी आहेत. ज्यांची किंमत एकेकाळी काही सेंट होती, ते कागद आज अभ्यासकांचे धन झाले आहेत. एका व्यापाऱ्याने छंद म्हणून केलेल्या कामातून एका राष्ट्राचे कौटुंबिक दप्तर उभे राहिले.

गोव्याचा मेस्त आणि त्याचा मांडो

असे पाच रेषांवरचे नोटेशन आपल्या किनाऱ्याला मात्र अमेरिकेच्याही आधी ठाऊक होते. पोर्तुगीज अमलात गोव्यातील चर्चच्या आश्रयाने धर्मग्रामशाळा निघाल्या. तेथे प्रार्थना आणि अक्षरओळख यांच्याबरोबर सोल्फेज, म्हणजे स्वरवाचन, शिकविले जाई. गावचा ‘मेस्त’ हा शिक्षक, गायनवृंदाचा प्रमुख आणि व्हायोलिनवादकही असे. तपःकाळातील मिरवणुकांसाठी गोव्याच्या मेस्तांनी लॅटिन शब्दांवर मोतेत रचले आणि हाताने नकलून ते गावोगाव पोहोचविले. शेतकऱ्याचे, तांडेलाचे पोर या शाळेत नोटेशन वाचायला शिकले, आणि पुढे तीच विद्या त्याच्या पोटाची भाकरी झाली.

याच शिक्षणातून एकोणिसाव्या शतकात मांडो बहरला. सासष्टीच्या ख्रिस्ती घराण्यांचा हा लग्नसमारंभातला गीतनृत्यप्रकार. संथ लय, दोन आवाजांत गाणे, साथीला व्हायोलिन आणि घुमट; समोरासमोर उभ्या स्त्रीपुरुषांच्या रांगा, स्त्रियांच्या अंगावर तोडोप-बाजू आणि हाती पंखा. म्हणजे सूर पश्चिमेकडून आलेले, भाषा कोंकणी, आणि घुमट खास या मातीचे. अनेक मांडो विशिष्ट घरातील विशिष्ट लग्नासाठी रचलेले आहेत. ते घरच्याच कागदांत राहिले, काही पुढे छापले गेले.

मांडोत प्रेम आणि विरह आहेतच, पण गावाच्या जिवाला लागलेल्या घटनाही आहेत. २१ सप्टेंबर १८९० रोजी मडगावला निवडणुकीच्या वेळी पोर्तुगीज सैनिकांनी चर्चसमोरील चौकात जमलेल्या लोकांवर गोळीबार केला. सरकारी कागदांत त्याची नोंद सरकारी भाषेत झाली असेल. लोकांनी आपली नोंद मांडोत केली. त्या मांडोचे नावच ‘सप्टेंबराची एकविसावी’ अशा अर्थाचे आहे. तारखेनिशी इतिहास सांगणारे हे गाणे आजही गायिले जाते. लोटलीचे तोर्कात द फिगरेदो (१८७६–१९४८) यांचा निरोपाचा मांडो समारंभाच्या शेवटी आजही म्हणतात. ज्या समाजातील तरुण एकामागून एक मुंबईला, आफ्रिकेला, बोटीवर निघून जात होते, त्या समाजाचे सर्वांत लाडके गाणे निरोपाचे असावे, यात नवल नाही. स्थलांतराचे आकडे इतिहासकार देतील. त्यामागची हुरहूर मात्र या मांडोतच सापडते.

मुंबईच्या वाद्यवृंदात

गोव्याहून निघालेले हे तरुण मुंबईत धोबीतलाव, माझगाव भागांतल्या आपापल्या गावच्या कूडांत उतरत. धोबीतलावालाच फुर्ताडो यांचे दुकान. १८६५ पासूनची ही पेढी धार्मिक वस्तू आणि संगीताचे साहित्य यांसाठी प्रसिद्ध आहे. जपमाळ आणि व्हायोलिनची तार एकाच नावाखाली मिळावी, ही गोष्टसुद्धा आपल्या समाजाविषयी काही सांगून जाते. १७ एप्रिल १८९२ रोजी मुंबईतच पहिले कोंकणी तियात्र रंगभूमीवर आले. मूकपटांच्या काळात पडद्यापुढे बसून वाजविणाऱ्यांत, बँडपथकांत, हॉटेलांच्या वाद्यवृंदांत, सर्वत्र गोव्याचे वादक दिसू लागले. कारण एकच : समोर कागद ठेवला की ते लगेच वाजवू शकत.

येथेच अमेरिकेचा कागद आणि गोव्याचा मेस्त यांची गाठ पडली. १९३५ साली लिऑन ॲबी या कृष्णवर्णीय अमेरिकन वादकाचा जॅझ वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात आला. त्या संगीताने गोव्याच्या तरुणांना वेड लावले. अमेरिकेत ज्यांची टिंगल गाण्यांच्या मुखपृष्ठांवर छापली जात होती, त्याच समाजाचे कलावंत आता मुंबईत गुरुस्थानी मानले गेले. हळदोण्याचे आंतोनियु झेवियर वाझ (१९१६–१९६७) ‘चिक चॉकलेट’ या नावाने ट्रम्पेट वाजवू लागले. पुढे पुणतांब्यात जन्मलेले मराठी संगीतकार सी. रामचंद्र (१९१८–१९८२) यांच्याशी त्यांची जोडी जमली. भगवानदादांच्या ‘अलबेला’ (१९५१) या चित्रपटात चिक चॉकलेट यांचा वाद्यवृंद पडद्यावरही दिसतो.

चित्रपटसंगीताची कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. संगीतकार हार्मोनियमवर चाल ऐकवी. संगीत संयोजक, ज्याला अरेंजर म्हणत, तो ती नोटेशनमध्ये उतरवी आणि व्हायोलिनने काय वाजवायचे, चेलोने काय, सॅक्सोफोनने कोठे यायचे, हे ठरवी. मग प्रत्येक वादकासाठी वेगळा कागद नकलून तयार होई. सेबॅस्टियन डिसोझा (१९०६–१९९८) यांनी शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांसाठी हे काम वर्षानुवर्षे केले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (१९२७–२०१२) यांनी तर १९५८ साली मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात भारतीय रागांवर आधारलेल्या सिंफनीचा प्रयोग केला. लता मंगेशकर आणि मन्ना डे त्यात गायिले. संगीतकार प्यारेलाल त्यांचे शिष्य. गुरूचे ते ऋण पुढे ‘अमर अकबर अँथनी’ (१९७७) मधल्या नायकाच्या नावात उमटले.

हजारो गाण्यांचे हजारो कागद या मंडळींनी लिहिले. पण ध्वनिमुद्रण आटोपले की त्या कागदांचे काम संपे. ते आपले मानावेत, जपावेत, असे कोणालाच वाटले नाही. फार थोडे वाचले. श्रेयनामावलीतही या हातांची नावे क्वचितच आली. आपल्या चर्चमध्येही वेगळे घडले नाही. द्वितीय व्हॅटिकन विश्वपरिषदेने ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनाविषयक घटना संमत केली आणि लोकभाषेतील उपासनेचा मार्ग खुला झाला. आपल्याला आपल्या भाषेत प्रभूची स्तुती करता येऊ लागली, हे मोठेच वरदान. परंतु जुन्या लॅटिन गायनाची हस्तलिखिते त्यानंतर पुष्कळ ठिकाणी कपाटांत गेली, आणि कपाटांतून कोठे गेली हे विचारायचे राहून गेले.

शहाद्याला लग्नसराईत गोमाईच्या दोन्ही अंगांना बँड वाजतात. कधी एखाद्या जुन्या गाण्याची धून कानी पडते. ट्रम्पेट वाजविणाऱ्या पोराने नोटेशनचा कागद जन्मात पाहिलेला नसतो. त्याने ती धून कॅसेटवरून किंवा मोबाइलवरून उचललेली असते. तरी त्या धुनेतला मधला तुकडा गोव्याच्या कोणा मेस्ताच्या शिष्याने मुंबईत बसून कागदावर मांडलेला असतो. कागद गेला, नाव गेले, सूर मात्र तापीकाठच्या वरातीत नाचतो आहे. यात आनंद आहे, आणि थोडे दुःखही आहे.

जे उरले आणि जे गेले

कागद नष्ट होणे ही केवढी हानी असते, याचे आपल्यापुढचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे ‘ख्रिस्तपुराण’. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज येशूसंघीय धर्मगुरूंनी रचलेला, सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा मराठी ग्रंथ १६१६ साली रायतूरला छापला गेला. १६४९ आणि १६५४ साली तो पुन्हा छापला गेला. चर्चमधून तो ओवीच्या चालीवर वाचला-गायिला जाई. ओवी सर्वांना ठाऊक, म्हणून सूर लिहिण्याची गरजच नव्हती. आज या तिन्ही आवृत्त्यांची एकही छापील प्रत उपलब्ध नाही. ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. मंगळूरकडच्या ख्रिस्ती कुटुंबांनी नकलून, पिढ्यान् पिढ्या जपून ठेवलेल्या प्रतींवरून १९०७ साली जोसेफ सालढाणा यांनी तो पुन्हा छापला. म्हणजे छापखान्याने गमावलेले घरातल्या पेटीने राखले.

आपल्या खानदेशातच दुसरे उदाहरण आहे. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) यांना लिहिता-वाचता येत नव्हते. शेतात, जात्यावर त्यांनी रचलेली गाणी मुलगा सोपानदेव आणि एक आप्त यांनी वहीत उतरवून घेतली. म्हणून १९५२ साली, त्यांच्या पश्चात, ती पुस्तकरूपाने महाराष्ट्रापुढे आली. ती वही नसती तर बहिणाबाई आपल्याला कळल्याच नसत्या. तरीही एक उणीव राहिली. वहीत शब्द आले, सूर आला नाही. आज आपण त्यांची गाणी ज्या चालींवर गातो त्या ‘मानिनी’ (१९६१) सारख्या चित्रपटांच्या आणि नंतरच्या संगीतकारांच्या. जात्याच्या घरघरीबरोबर बहिणाबाई स्वतः काय सूर लावीत, तो त्यांच्याबरोबरच गेला.

ही उणीव पुढे काही अंशी भरून निघाली. फ्रान्समधून येऊन पुण्यात स्थिरावलेले अभ्यासक गी पॉइटविन (१९३४–२००४) आणि त्यांच्या सहकारी हेमा राइरकर यांनी खेडोपाडीच्या स्त्रियांकडून जात्यावरच्या लाखभर ओव्या गोळा केल्या. त्यांपैकी पुष्कळ आवाजासहित मुद्रित केल्या. नाव, गाव आणि आवाज, या तिन्ही गोष्टी जपल्या गेल्यामुळे त्या स्त्रिया इतिहासात ‘कोणी एक बाई’ म्हणून उरल्या नाहीत.

आता शहाद्याच्या उत्तरेला नजर टाकावी. सातपुड्याच्या कुशीत भिल्ल आणि पावरा बांधवांचे पाडे आहेत. त्यांची होळीची गाणी आहेत, लग्नातली आहेत, इंदल पूजेच्या रात्रीची आहेत. ढोल आणि पावा यांच्या साथीने ती रात्रभर चालतात. काठीच्या होळीला दूरदूरचे लोक येतात, छायाचित्रे काढतात, परत जातात. पण कोणत्या पाड्यात कोणते गाणे कोण म्हणते, याची वही किती घरांत आहे? सपाटीवरच्या घरांतली कानबाईची अहिराणी गाणीही आता मोजक्या म्हाताऱ्या बायकांनाच पूर्ण येतात. ही सारी आपली शेजारची माणसे आहेत. त्यांच्या गाण्यांना कधी कागद मिळाला नाही, म्हणून त्यांना इतिहास नाही असे होत नाही. तो लिहून घेणारा अजून भेटलेला नाही, एवढाच त्याचा अर्थ.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामातील प्रत्येक कुटुंबाला लेव्ही यांच्यासारखा मोठा संग्रह करता येणार नाही. पण चार गोष्टी सर्वांना शक्य आहेत. घरातल्या जुन्या गीतांच्या वह्या, लग्नातल्या गाण्यांचे कागद, चर्चच्या माळ्यावरची नोटेशनची बाडे रद्दीत घालण्यापूर्वी एकदा उघडून पाहावीत. त्यांवर कोणाचे नाव आहे, कोणते साल आहे, समासात काय लिहिले आहे, हे वेगळ्या कागदावर टिपून आत ठेवावे. कागद दमटपणापासून आणि वाळवीपासून दूर, कोरड्या सुती कापडात बांधावेत आणि त्यांची छायाचित्रे घ्यावीत. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ज्यांना चाली येतात त्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवून गाऊ द्यावे आणि तो आवाज मोबाइलवर जपून ठेवावा. बहिणाबाईंच्या लेकाच्या हाती असे साधन नव्हते. आपल्या प्रत्येकाच्या खिशात ते आहे. गाताना त्या मध्येच थांबतील, डोळे पुसतील, एखादी आठवण सांगतील. ती आठवणही राहू द्यावी. पुढच्या पिढीला कदाचित तीच अधिक हवी असेल.

आजीच्या वहीतले ते गीत मी अलीकडे आत्याबाईंपुढे ठेवले. शब्द त्यांना आठवले, चाल आठवेना. आपल्या आईकडून ती त्यांनी पुन्हा कधी ऐकलीच नव्हती. त्यांनी डोळे मिटून दोनदा सुरुवात केली, दोनदा थांबल्या. मग म्हणाल्या, “राहू दे. त्या दिवशी मी दाराआड उभी होते. आईचा आवाज आठवतो, गाणे आठवत नाही.”

त्यांचे हे बोलणे मी मोबाइलवर मुद्रित करून ठेवले आहे. वहीच्या त्या पानाशी एक नवा कागदही जोडला आहे. त्यावर आत्याबाईंचे नाव, तारीख, आणि आजवर कोठेच न लिहिलेली एक नोंद : या घरात एक धाकटी होती.